खाटेपाशी चार्ज

अण्णांच्या आजारपणातली वही मी अजून टाकलेली नाही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. आत पट्टीने आखलेले सहा रकाने आहेत: वेळ, पाणी, लघवी, औषध, कूस, पाठ. अक्षर निम्मं माझं. हे रकाने आखताना मला फार बरं वाटलं होतं, एवढं आठवतं. वडिलांना जाऊन आता वर्ष होत आलं. मधूनमधून मी वही काढते, दोन-चार पानं उलटते आणि परत ठेवते. त्यातली काही पानं खोटी आहेत. कुठली, ते मला ठाऊक आहे. आणखी दोघांना ठाऊक होतं. त्यांतले एक गेले.

मी पेणच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही. बरीच वर्षं पेणलाच एक खोली घेऊन राहत होते आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने रोह्याला अण्णांकडे जात होते. अण्णा रोह्याच्या शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवून निवृत्त झाले. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत त्यांची आरामखुर्ची आणि पुस्तकांचं एक कपाट, एवढ्यात त्यांचं सगळं भागत असे. एका सकाळी पेपर वाचताना त्यांच्या हातातून तो गळला, आणि त्यानंतर उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. मी पेणची खोली सोडली.

बोलणं अगदी सगळं गेलं नाही. एक शब्द राहिला: ‘असो’. वर्गात शिकवता शिकवता विषय लांब कुठेतरी जायचा, मग ते थांबायचे, चष्मा नीट करायचे आणि ‘असो’ म्हणून पुन्हा धड्यावर यायचे. मुलं त्यांची नक्कल करत. जिभेवर तेवढाच राहिला. भूक लागली तरी असो, दिवा मालवायचा असला तरी असो. स्वरावरून ओळखायचं. शिवाय डावा हात चालत होता. पटलं की तो तळवा जरा वर उचलायचा, नाही पटलं की हात चादरीवर तसाच पडून.

पनवेलच्या रुग्णालयातून त्यांना घरी आणलं, तेव्हा दोन माणसांनी खुर्चीत बसवून उंबऱ्यातून आत घेतलं. आत येताना अण्णांनी डाव्या हाताने दाराची चौकट धरली आणि बराच वेळ सोडली नाही. आता इथून बाहेर नेऊ नका, एवढं ते सांगत होते. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, “नाही नेणार.” पुढचं सगळं या शब्दावर येऊन ठेपणार होतं.

मला नोकरी सोडता येत नव्हती. दिवसा घरी माणूस हवा होता, तोही पुरुष, कारण अण्णांना उचलून फिरवायचं होतं. पहिला आला तो दुपारच्या मालिका लागल्या की खाट टीव्हीकडे वळवायचा, अण्णांसाठी नव्हे, स्वतःला खाटेवर टेकून बघता यावं म्हणून. दुसरा स्वच्छ होता, वक्तशीर होता, पण अण्णांना न सांगता त्यांच्या तोंडात चमचा घालायचा. एकदा अण्णांनी तो दातांत धरून ठेवला. माणूस मला म्हणाला, “हट्टी हायत.” त्यालाही मी महिनाभराने नको म्हटलं.

तिसरे आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने पाठवले. पन्नाशीचे, रोह्याच्या आतल्या गावचे, भात आणि वालाची थोडी शेती. आधी धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होते. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला बाई, अण्णांना गुरुजी. डाव्या मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत त्यांची कातडी वेगळ्याच रंगाची होती, ताणलेल्या कागदासारखी. मी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी सहाला मी पेणहून आले. पिशवी ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून हळू आवाजात विचारलं, “आज कसे होते?”

“इथं नाय बाई,” दादा म्हणाले. “खाटेपाशी या. चार्ज देतो.”

“कसला चार्ज?”

“शिफ्ट बदलली ना. माझी संपली, तुमची लागली. कंपनीत पाळी बदलताना चार्ज मशीनपाशी उभं राहून द्यायचा, नवा माणूस आणि जुना माणूस, दोघांनी मशीनकडे बघत. गेटवर नाय, कँटीनमध्ये तर नायच.” मग अण्णांकडे वळून, “गुरुजी, तुम्ही काय मशीन नाय, पण चार्ज इथंच होणार.”

आणि खाटेच्या उजव्या बाजूला ताठ उभं राहून त्यांनी दिवस सांगितला. सकाळी आंघोळ पुसून. साडेनऊला पेज, वाटीभर, अर्धी ठेवली. दुपारी वरणभात, लिंबू मागितलं, दिलं. दोनदा कूस. मागे कोरडं. “आणि दहा वाजता प्रोडक्शन झालं. क्वालिटी एक नंबर.” हे म्हणताना अण्णांच्या चेहऱ्याची चालती बाजू हलली. आजारी पडल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. शेवटी दादांनी विचारलं, “गुरुजी, बरोबर सांगितलं ना?” तळवा वर उचलला गेला.

मला हे थोडं नाटकी वाटलं. शिवाय मला त्याहून चांगली पद्धत माहीत आहे, अशी माझी समजूत होती. त्याच आठवड्यात मी वही आणली आणि रकाने आखले. दादांनी त्या रकान्यांकडे बघितलं, ‘बरं’ म्हणाले आणि रोज मोठ्या, सुट्या अक्षरांत भरू लागले, पण संध्याकाळचा तोंडी चार्ज त्यांनी सोडला नाही. सकाळी सातला माझा चार्ज देण्याची वेळ आली की मी वहीकडे बोट दाखवायचे. “सगळं लिहिलंय,” म्हणायचे आणि पेणची गाडी पकडायला पळायचे.

आमच्या शाळेत दरवर्षी एप्रिलमध्ये साठा पडताळणी असते. यादी हातात घेऊन प्रत्येक पुस्तक जागेवर आहे की नाही ते तपासायचं. बरेच ग्रंथपाल कपाटासमोर उभं राहून नुसती पाठीवरची नावं वाचत खुणा करतात. मी कधी तसं केलं नाही. एकेक पुस्तक बाहेर काढायचं, उघडायचं, शिक्का बघायचा, वाळवी लागली आहे का पाहायचं आणि मगच खूण. या गोष्टीचा मला अभिमान होता. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

दिवाळीच्या सुट्टीत दादांनी दहा दिवस मागितले. भातकापणी होती, घरात दुसरा गडी नव्हता. मी म्हटलं, “खुशाल जा. मला सुट्टीच आहे. मी बघते.” जाताना त्यांनी मला सगळं दाखवलं: चादरीला घडी घालून तिच्यावरून कसं कुशीवर घ्यायचं, टाचेखाली उशी कशी ठेवायची. “आणि रोज मागे बघायचं,” ते म्हणाले. “कमरेच्या खाली. माकडहाडापाशी. रोज, उजेडात.” मी मान हलवली.

मी ते बघितलं नाही.

का, ते सांगणं सोपं नाही, आणि तरी त्यात गूढ असं काही नाही. मी पन्नाशीला आलेली मुलगी, ते माझे वडील. आमच्या घरात कधी कुणी कुणासमोर अंगातला सदरा काढला नव्हता. अण्णा विहिरीवर आंघोळ करून पंचा गुंडाळून आत येत, तेव्हा मी आपोआप दुसऱ्या खोलीत जात असे. त्या दहा दिवसांत मी त्यांचं तोंड, हात, पाय, छाती पुसली. गंजिफ्रॉकच्या आत हात घालून पाठ कमरेपर्यंत पुसली. रात्री उठायला नको म्हणून मी डायपर आणून ठेवले होते. ते मी चादरीच्या आत, न बघता, अंदाजाने बदलायचे. त्या वेळी अण्णा डोळे मिटून घेत आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. आम्ही दोघं मिळून ती गोष्ट घडतच नाहीये असं ठरवलं होतं.

आणि मग वही घ्यायची. पाणी, लघवी, औषध खरं. कूस, दोनदा म्हणून लिहायचं तिथे तीनदा. पाठ या रकान्यापाशी आलं की मी थोडा वेळ पेन धरून बसायचे. रकाना रिकामा दिसला की मला चैन पडत नसे. मी लिहायचे: पाहिली. दहा दिवस, दहा वेळा. अक्षर कुठेही हललेलं नाही.

दादा परत आले ते सकाळी सातला, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी घेऊन. पिशवी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले आणि खाटेपाशी येऊन उभे राहिले.

“बाई, चार्ज द्या.”

मी वही पुढे केली. त्यांनी ती घेतली, उघडली नाही, उशाशी ठेवली. “दहा दिवसांचा हाय. तोंडानं द्या.”

मी सांगू लागले. जेवण, औषधं, एक दिवस थोडा ताप. “पाठ रोज पाहिली,” मी म्हटलं.

“गुरुजी, बरोबर?”

अण्णांचा हात चादरीवर होता. तो उचलला गेला नाही. मी त्या हाताकडे बघत होते. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. मग ते म्हणाले, “असो.”

हा असो मला ओळखीचा होता. वर्गात एखादं पोर फळ्यापाशी उभं राहून चाचरू लागलं, त्याला येत नाहीये हे सगळ्यांना कळलं, की अण्णा हाच शब्द अशाच आवाजात म्हणून त्याला जागेवर बसवत.

दादा म्हणाले, “गुरुजी सोडून देतायत. मी नाय सोडणार.” मग खाली वाकून, “गुरुजी, डाव्या कुशीवर घेतो हां,” आणि त्यांनी अण्णांना वळवलं.

“बाई, इकडे या.”

“काय आहे? सांगा ना.”

“सांगत नाय. बघा.”

मी गेले. माकडहाडावर आठ आण्याच्या नाण्याएवढी जखम होती, मधोमध ओलसर, कडेने जांभळं पडलेलं. वास होता. तो वास चार दिवस घरात होता आणि मी उदबत्ती लावत होते. या जखमेला पुस्तकात शय्याव्रण म्हणतात, हे मला माहीत होतं. आमच्या ग्रंथालयात रुग्णसेवेचं एक पुस्तक आहे, अण्णांना झटका आल्यावर मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. त्यातलं ते प्रकरण मला पान क्रमांकासकट आठवत होतं.

“वहीत काय लिवलंय?” दादांनी विचारलं.

“पाहिली म्हणून.”

“रोज?”

“रोज.”

त्यांनी गरम पाणी मागितलं.

दुपारी डॉक्टर आले. त्यांनी जखम साफ केली, पट्टी कशी बदलायची ते दाखवलं, हवेची गादी आणायला सांगितली आणि डायपर बंद करायला लावले. पायऱ्या उतरताना मला म्हणाले, “तीन आठवडे बघू. भरायला लागली तर ठीक. आत हाडाकडे जायला लागली तर घरी ठेवता येणार नाही, न्यावं लागेल.” मी दाराच्या चौकटीकडे बघितलं. अण्णांनी जिथे धरलं होतं ती जागा मला दिसत होती.

दादा आता काम सोडतील असं मला वाटत होतं. त्यांनी मागच्या पडवीत बसून डबा खाल्ला, हात धुतले, आणि मी भांडी आवरत होते तिथे येऊन टेकले. डावी बाही वर केली.

“हे विचारलं नाय तुम्ही कधी.”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आमच्या खात्यात तासातासाला जाऊन काट्याचं रीडिंग बघायचं, कागदावर लिवायचं. एकानं केबिनीत बसून लिवलं. चांगला माणूस होता, आळशी नव्हता. त्याला त्या शिडीवर चढायची भीती वाटायची, आणि सांगायची लाज. कागद एकदम बरोबर होता. मी शिफ्टला आलो, कागद बघितला, काटा नाय बघितला. मग हे अंगावर आलं.” त्यांनी बाही खाली केली. “म्हंजे चूक त्याची एकट्याची नाय. मीपण कागदावर चार्ज घेतला.”

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

“चार महिने वॉर्डात होतो. सगळी कामं वेळेवर. पट्टी वेळेवर, सुई वेळेवर. माझ्या पायाशी उभं राहून माझ्याबद्दल बोलायचे, याला हे द्या, याचं ते काढा. एक म्हातारी आया होती, ती एकटी मला सांगून हात लावायची. दुखायचं तेवढंच. पण ती सांगून लावायची.” मग उठताना म्हणाले, “तेच शिकलोय. दुसरं काय शिकलेलो नाय.”

“मग वही बंद करू का?” मी विचारलं.

“वहीचं काय वाईट केलंय? राहू द्या. आधी बघायचं, मग गुरुजींसमोर बोलायचं, मग लिवायचं. तुम्ही उलटं करता.”

संध्याकाळी जाण्याआधी त्यांनी मला खाटेपाशी उभं केलं. रात्री पट्टी ओली झाली तर मलाच बदलावी लागणार होती. “आता तुम्ही. पण आधी गुरुजींना विचारा.”

मी पन्नास वर्षांत वडिलांना असं काही विचारलं नव्हतं. शेवटी म्हटलं, “अण्णा, मागची जखम बघू का? मला बघायला हवी.”

त्यांनी डोळे उघडे ठेवले. माझ्याकडे बघितलं. तळवा लगेच उचलला नाही; मला वाटलं, नाहीच म्हणणार. मग तो उचलला, आणि दादांनी मला कोपराने जरा पुढे ढकललं. मी सांगत गेले: अण्णा, लुंगी सोडते. अण्णा, गार लागेल. अण्णा, पट्टी काढते. ते एक अंग होतं, बारीक झालेलं, स्वच्छ ठेवण्याजोगं. इतकंच होतं ते. ज्याला मी इतकी भ्यायले होते, ते एवढंसं होतं.

पुढचे तीन आठवडे मी जखमेच्या मापावर जगले. रात्री दोन-दोन तासांचा गजर. सकाळी सातला मी चार्ज द्यायचे, संध्याकाळी सहाला घ्यायचे, आणि दोन्ही वेळेला शेवटचा शब्द अण्णांचा. एकदा मी एका गजराला उठलेच नाही. सांगितलं, “साडेतीनची कूस राहिली.” दादा म्हणाले, “बरं, मग आत्ता घेऊ.” इतकं सोपं होतं. राहिली असं म्हणता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. वहीत त्या तारखेला कूस या रकान्यात ‘राहिली’ लिहिलं आहे. ते पान मला आवडतं.

शेजारच्या काकू रोज कुंपणावरून डोकावायच्या. एकदा म्हणाल्या, “काय गो, सकाळ-संध्याकाळ खाटेभोवती उभं राहून आरत्या म्हणता काय?”

दादा खाटेपाशीच होते. तिथूनच म्हणाले, “व्हय काकू. प्रसादाला या. आज एनिमा हाय.”

काकू “मेल्या” म्हणून आत गेल्या. अण्णांना हसताना ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पट्टी उचलली, वाकून बघितलं आणि म्हणाले, “कडेने भरते आहे.” न्यायचं म्हणाले नाहीत. पूर्ण भरायला संक्रांत उजाडली. त्या सुमारास दादांनी गावाहून पोपटी आणली होती, मडक्यात पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा, त्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास अजून त्यांना होता. दाणे सोलून, ठेचून त्यांनी अण्णांना चार घास भरवले. “गुरुजी, मीठ बरोबर?” तळवा वर. त्या संध्याकाळच्या चार्जमध्ये दादा म्हणाले, “मागे बंद झालंय. कातडी नवी हाय, जपायला लागेल.” मग मला, “बघून घ्या.” मी बघितलं. फिकट गुलाबी, नखाएवढा वण.

मी अण्णांशी त्या दहा दिवसांबद्दल बोलले ते तेव्हा. दादा घरी गेले होते. मी म्हटलं, “अण्णा, मी पाहिली नव्हती. खोटं लिहिलं होतं.” त्यांनी माझ्या हातावर आपला डावा हात ठेवला. ‘असो’सुद्धा म्हणाले नाहीत.

चैत्रात त्यांच्या छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, रुग्णालयात नेलं तर थोडे दिवस मिळतील, सांगता येत नाही. ते मला बाहेर घेऊन बोलू लागले, तेव्हा मी म्हटलं, “आत या ना, त्यांच्यासमोर बोलू.” ते जरा घुटमळले, पण आले. दादांनी विचारलं, “गुरुजी, दवाखान्यात जायचं?” हात चादरीवरच. “घरीच?” तळवा उचलला, पूर्ण नाही, बोटंच. पण उचलली. वहीत वेळेसकट ते लिहिलं आहे, आणि त्याआधी आम्ही तिघांनी ते बघितलं होतं.

चार दिवसांनी श्वास बरा वाटला. शाळेत पडताळणी सुरू होती. सकाळी चार्ज देताना मी म्हटलं, “अण्णा, मी जाऊ का पेणला? संध्याकाळी येते.” बोटं उचलली. मी गेले. दुपारी दोनच्या आधी ऑफिसातून शिपाई कपाटापाशी आला, फोन आहे म्हणाला. माझ्या हातात एक पुस्तक उघडं होतं. शिक्का बघून झाला होता. मी ते जागेवर ठेवलं, खूण केली आणि गेले.

पेणहून मिळाली ती एसटी धरली. नागोठण्याला गाडी बराच वेळ थांबली. वाकण फाट्यावर काही माणसं उतरली, काही चढली. मला त्या प्रवासात रडू आलं नाही. आज पाठ कुणी बघितली असेल, हाच विचार डोक्यात होता, आणि आता त्याचा काय उपयोग, हा विचार त्याच्या मागोमाग येत होता.

अंगणात चपला होत्या. काकू दाराशी होत्या, “ये गो,” एवढंच म्हणाल्या. आत चुलत घराण्यातली दोन-तीन माणसं भिंतीशी बसली होती. दादा खाटेच्या उजव्या बाजूला उभे होते. काकू नंतर म्हणाल्या, दुपारपासून तो माणूस बसलाच नाही, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला.

“बाई,” ते म्हणाले, “चार्ज घ्या.”

भिंतीशी बसलेल्यांपैकी एकजण म्हणाले, “आता कसला चार्ज? बाईंना बसू द्या जरा.”

दादांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. मीही बसले नाही. खाटेच्या डाव्या बाजूला, माझ्या जागी, जाऊन उभी राहिले.

“सकाळी तोंड पुसलं, दाढी केली. साडेनऊला पेज, चार चमचे. अकराला पाणी. साडेअकराला कूस, डावी. मागे कोरडं. बाराच्या पुढं श्वास वर लागला. डॉक्टरांना फोन केला, ते येऊन गेले. मी सांगितलं, गुरुजी, बाई पेणला हायत, बोलावतो. त्यांनी माझा हात धरला, सोडला नाय, म्हणून फोनला काकूंना धाडलं, तुमच्या शाळेचा नंबर लागायला वेळ लागला. एक वाजून दहा मिनिटांनी श्वास थांबला. हात माझ्याच हातात होता. तडफड नाय.” त्यांचा आवाज इथपर्यंत सरळ होता. “दीडला आम्ही नीट केलं, लुंगी बदलली. त्यांना सांगूनच बदलली.” मग थांबले. आता ते ‘गुरुजी, बरोबर?’ विचारणार, असं मला क्षणभर वाटलं. त्यांनाही वाटलं असावं. ते म्हणाले, “पाठ बघून घ्या.”

मी खाली वाकले. “अण्णा, कुशीवर घेते,” म्हटलं. भिंतीशी कुणीतरी घसा खाकरला. दादांनी खांदा धरला, मी कंबर, आणि आम्ही त्यांना वळवलं. खिडकीतून दुपारचा उजेड येत होता. पाठ कोरडी होती. माकडहाडावर तो फिकट वण होता, आणखी कुठे काही नव्हतं, एक लाल ठिपकाही नाही. मी पुरेसा वेळ बघितलं. मग त्यांना पुन्हा सरळ केलं आणि डावा हात चादरीवर नीट ठेवला.

“घेतला,” मी म्हटलं.

दादांनी मान हलवली. तेव्हा कुठे ते खाटेपासून बाजूला झाले, बाहेर गेले आणि पायरीवर चपलांच्या शेजारी बसले.

वहीतलं त्या दिवसाचं पान त्यांच्या अक्षरात आहे. साडेअकरापर्यंत सगळं भरलेलं, पुढे कोरं. तेरावा झाल्यावर मी ते उघडलं आणि शेवटच्या ओळीत चार्ज घेतल्याची वेळ लिहिली, साडेतीन. पाणी, लघवी, औषध, कूस या रकान्यांत आडवी रेघ ओढली. पाठ या रकान्यात लिहिलं: पाहिली.